चामड्याची पट्टी, मामांचा गुडघा आणि जुलै महिना

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं, गाव सगळं गाळलंय, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो कारण पुढच्या निम्म्या भानगडी त्यातूनच झाल्या: आमचा प्रोजेक्टचा विषय आधी ठरला आणि पेशंट नंतर सापडला.

दरवर्षी तेच ते प्रोजेक्ट येतात, लाईन फॉलोअर रोबोट, टाकी भरली की वाजणारा अलार्म, मोबाईलवरून मोटर पंप चालू. त्या वर्षी एका ग्रुपने, दोन पोट्टे आणि एक पोरगी, नेटवर कुठंतरी वाचलं की चामड्यावर कार्बनचा थर दिला की ते ताण ओळखते. म्हटलं करा, निदान टाकीच्या अलार्मपासून तर सुटका.

आता स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारा सेन्सर, ही काही नवी भानगड नाही, १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळं काम करून बारीक तार चिकटवलेला गेज काढला होता, आजही काटेवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात त्याच जातीचा फॉइल गेज असतो. वस्तू ताणली की तार लांब आणि बारीक होते, रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, थोडा वाढतो. पण तो धातूचा गेज दोन-चार टक्क्यांच्या पुढच्या ताणाला टिकत नाही आणि माणूस गुडघा वाकवतो तेव्हा वरची कातडी त्याच्या कितीतरी पट ताणली जाते. म्हणून अंगावर घालायचं असेल तर मऊ, ताणलं जाणारं काहीतरी लागते. मोठ्या लॅबवाले त्यासाठी कार्बन नॅनोट्यूब, चांदीच्या नॅनोतारा, २०११ मध्ये ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत सापडलेलं मॅक्झिन नावाचं अतिपातळ थरांचं द्रव्य असलं काय काय वापरतात. आमच्याकडे होती हार्डवेअरच्या दुकानातली ग्रॅफाइट पावडर.

चामडंच का, तर ते मुळात कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी असते, मोठ्या धाग्यात बारीक धागे, त्यात आणखी बारीक, आणि त्यातून वाफ आरपार जाते. रबराखाली घाम कोंडतो तसा चामड्याखाली कोंडत नाही. ही गोष्ट पुढं कामाला आली.

अडचण

ग्रुपमधल्या पोरीचे मामा, वय साठीच्या आसपास, जानेवारीत कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून पडले आणि गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर झाली. सहा आठवडे प्लास्टर. मार्चमध्ये प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा जेमतेम चाळीस अंश वाकत होता. फिजिओथेरपिस्ट यवतमाळला, एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, म्हणून मॅडमनी व्यायाम घरी करायला सांगितले, दिवसातून चार वेळा, दर वेळी पंधरा, दुखणं सहन होईल तेवढंच आणि सूज आली तर थांबायचं. पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हणाल्या.

मामा भजनी मंडळात मृदंग वाजवतात. मृदंगाला मांडी घालून बसावं लागते आणि मांडीसाठी गुडघा शंभराच्या बराच पुढे वाकावा लागते. म्हणजे माणसाला गरज होती, इच्छा होती, तरी कोन सत्तरच्या आसपास येऊन अडकला, दर पंधरवड्याला तिथंच. मॅडम विचारायच्या व्यायाम केले का, मामा म्हणायचे, "हाव, केले ना, दररोज करून राहिलो." घरचे वावरात, पाहायला कोण आहे? खरंच करतात की नाही, केले तर पूर्ण वाकवतात की नुसता पाय हलवतात, हे कोणालाच माहीत नव्हतं.

पोरगी म्हणाली, सर आपली पट्टी मामाच्या गुडघ्यावर लावू ना.

समोर काय काय पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे भाचीने दिवसातून चार वेळा समोर बसून मोजणं. कॉलेजमुळे शक्य नव्हतं, मामींनी दोन दिवस केलं मग वावरातली कामं लागली. दुसरा, दोन एमपीयू ६०५०, म्हणजे कल आणि हालचाल ओळखणारे छोटे सेन्सर, लावायचे, एक मांडीला एक नडगीला, दोघांच्या कोनातला फरक काढायचा. खरं सांगू का, शहाण्या माणसाने हेच केलं असतं, स्वस्त आहे, घामाचा फरक पडत नाही, आणि कोन अंशात मिळतो. पण विषयात 'चामड्याचा सेन्सर' असं छापून सही-शिक्का झालेला. तिसरा, वाकवलं की रेझिस्टन्स बदलणारा बाजारातला तयार फ्लेक्स सेन्सर, तो पोरांना महाग वाटला. चौथा, रबराच्या नी-कॅपवर कार्बनची पट्टी, त्याला मामांनीच नाही म्हटलं, कारण दवाखान्याच्या सांगण्यावरून त्यांनी आधी रबरी नी-कॅप घातली होती आणि एप्रिलच्या उन्हात खाली नुसती घामोळ्यांची रांगोळी. इथं चामडं आपल्या पायावर उभं राहिलं, एवढंच म्हणेन. नाहीतर मी त्याची वकिली केली नसती.

मामा माळकरी. मला वाटलं चामडं अंगाला लावायला नाही म्हणतील. तर ते हसले, म्हणाले, "अरे, मृदंगाले काय कापड रायते काय? सारी जिनगानी चामड्यावर हात मारून राहिलो मी."

काय केलं

पहिला फटका चामडं निवडतानाच बसला. पोरांनी चपलेच्या अस्तराचं शेळीचं चामडं आणलं, मऊ, पातळ, छान. बसस्टँडजवळ चपला शिवायला बसतात त्या काकांकडे पट्ट्या सरळ कापून घ्यायला गेलो तर त्यांनी रापीने एक कोपरा तिरपा तासला आणि कड दाखवली. आतून निळसर. "हे क्रोमचं हाय सर, अंगाले लावाचं असन तर बाभळीच्या सालीचं घ्या." मग अंगणात दोन तुकडे जाळून दाखवले, क्रोमच्या तुकड्याची राख हिरवट पडली, सालीच्या तुकड्याची काळी-करडी. दोन्हीला जळक्या केसांचा वास.

क्रोमचं म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं. क्रोमियमने काही लोकांच्या कातडीला खाज आणि पुरळ येते हे खरं आहे, युरोपात २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. घामोळ्या आलेल्या माणसाच्या पायावर प्रयोग करायचा नाही म्हणून आम्ही बाभळीचं घेतलं. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही, सालीने कमावलेलं चामडं क्रोमच्या मानाने पाणी जास्त पिते. मे महिना होता, यवतमाळात पारा पंचेचाळीसला टेकलेला, हवेत पाण्याचा थेंब नाही. पाणी कुठून डोक्यात येणार.

थर कसा दिला ते सांगतो कारण हे करून पाहणाऱ्याला उपयोगी पडेल. आधी काजळी घासली, ती तेलकट, बोटाला जास्त लागते चामड्याला कमी. मग लेझर प्रिंटरचं टोनर, काळंभोर दिसते पण मीटर ढिम्म हलत नाही, कारण त्यात प्लास्टिकच जास्त. शेवटी ग्रॅफाइट पावडर आणि ऑनलाइन मागवलेला कंडक्टिव्ह कार्बन ब्लॅक, दोन्ही रबराच्या चिकात कालवले. त्या चिकात अमोनिया असते, लॅबमध्ये वास असा की शेजारच्या वर्गातले सर येऊन विचारून गेले. कार्बन कमी पडला तर कण एकमेकांना टेकत नाहीत, मीटर ओपन दाखवतो, जास्त झाला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात, मधलं प्रमाण चुका करत करतच सापडते. ताणलं की कणांच्या साखळ्या तुटतात, रेझिस्टन्स वाढतो, सोडलं की परत जुळतात, सगळ्या नाही जुळत पण बहुतेक जुळतात. थर चामड्याच्या गुळगुळीत बाजूला दिला तर वरवर बसतो, मागच्या रेशेदार बाजूला दिला तर आत मुरतो, म्हणून मागच्या बाजूला दिला आणि गुळगुळीत बाजू कातडीकडे ठेवली.

टोकांना वायर कशी जोडायची? सोल्डर चामड्यावर होत नाही. काकांनी टिचबटणं ठोकून दिली, खाली कार्बनचा जाड ठिपका, वरून बटण, बटणाला वायर. दहा मिनिटांचं काम, आणि आम्ही आठवडाभर सिल्व्हर पेस्टच्या किमती पाहत बसलो होतो.

पहिल्या सहा पट्ट्यांमध्ये एकीचं रीडिंग दुसरीशी जुळेना. सारख्या मापाच्या, सारखा थर, तरी एक दुप्पट ताणायची. काकांना दाखवलं तर त्यांनी न मोजताच दोन गठ्ठे केले, "ह्या पोटाच्या, ह्या पाठीच्या." पोटाकडचं चामडं ढिलं, पाठीचं घट्ट, आणि कण्याला आडवं कापलं तर जास्त ताणते, कण्याच्या दिशेने कमी. पोरांनी जिथं जागा दिसली तिथं कात्री चालवली होती. मग सगळ्या पट्ट्या पाठीच्या भागातून आडव्या कापल्या आणि वापरण्याआधी प्रत्येक पट्टी पन्नासेक वेळा ताणून सोडली, सुरुवातीच्या ताणांत रीडिंग सरकत जाते मग बसते. काका म्हणाले चपलेचा अंगठाही पहिले दोन दिवस चावतो, मग ऐकते.

शेवटचा निर्णय इलॅस्टिकचा. गुडघ्यावरची सगळी ताण चामड्याने घेतली तर ते कायमचं लांबते. म्हणून आठ सेंटिमीटरची पट्टी मध्ये आणि दोन्हीकडे इलॅस्टिक, सगळं सुती पट्ट्यावर शिवलेलं. पूर्ण वाकवल्यावर चामडं फक्त सहा मिलिमीटर ताणायचं. सरळ पायाला ३८ किलोओहम, वाकवल्यावर ४९, म्हणजे साडेसात टक्के ताणाला एकोणतीस टक्के बदल, या दोघांचा भागाकार, म्हणजे गेज फॅक्टर, चारच्या थोडा खाली. धातूच्या गेजचा दोनच्या आसपास असतो. ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावून आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलं, त्याच्यावरचा आकडा ४५७ वरून ५२२ वर जायचा, आम्ही ४९० ला रेघ मारली, रेघेच्या वर गेलं की एक व्यायाम. डिस्प्लेवर मोजणी, भाची रात्री फोटो काढून ग्रुपवर टाकणार. पॉवर बँक मध्येच बंद पडायची, करंट इतका कमी की तिला वाटायचं काही जोडलंच नाही, तेव्हा साध्या सेलवर आलो.

मेच्या शेवटी सबमिशन झालं, बाहेरचे परीक्षक खूश, मार्क चांगले. कागदावर प्रोजेक्ट इथं संपला.

जूनमधली लबाडी, जुलैमधला शून्य

मामांनी जूनच्या मध्यापासून पट्टा घालायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात रोज साठच्या वर, एक दिवस तर ऐंशी. फिजिओ मॅडम खूश, पण कोन तसाच, सत्तर. भाचीला शंका आली, तिने कोडमध्ये प्रत्येक मोजणीची वेळ साठवायला लावली. सकाळचे व्यायाम चार-पाच सेकंदांना एक पडत होते, संध्याकाळचे अर्ध्या सेकंदाला एक. साठीतला माणूस आखडलेला गुडघा अर्ध्या सेकंदात वाकवत नाही. विचारलं तर मामा शांतपणे म्हणाले, "पट्टा हातानं ओढला तरी मोजते ना तुमची पेटी, तेच पाहून राहिलो होतो." खरी गोष्ट अशी की संध्याकाळी मंडळात जायची घाई आणि त्या वेळी सूजही जास्त. मॅडमना हे कळवल्यावर त्यांनी संध्याकाळचा व्यायाम दुपारी घेतला आणि आधी शेक सांगितला. माझ्या मते सेन्सरचा सगळ्यात मोठा उपयोग इथं झाला, आणि तो कोन मोजून झाला नाही, वेळ मोजून झाला.

तेव्हापासून मामा इमानदारीने करू लागले. आणि बरोबर त्याच वेळी पाऊस लागला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोटो आला, दिवसभराची मोजणी शून्य. वाटलं वायर तुटली. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी मामांचाच फोन, "सर, मी साठ खेप पाय मोडला अन् तुमची पेटी म्हनते शून्य. मंग मी लबाड की पेटी लबाड?" मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. खोटं बोलले तेव्हा पेटीने ऐंशी दाखवले, खरं केलं तेव्हा शून्य.

गावी जाऊन मीटर लावला. सरळ पायाला ३८ च्या जागी २४ किलोओहम, वाकवल्यावर २७. आकडे ३४६ आणि ३७३, आमची ४९० ची रेघ कुठंतरी आभाळात. झालं होतं असं की कोरडं चामडं वीज जवळपास जाऊ देत नाही पण ओलं झालं की देते, त्यात घामाचं मीठ, म्हणजे कार्बनच्या रस्त्याला लागूनच दुसरा रस्ता तयार झाला. शिवाय चामडं ओलाव्याने ढिलं पडलं, त्यामुळे वाकवल्यावरचा फरकही कमी. आणि टिचबटणाच्या पितळेला घामाने हिरवं चढलेलं.

मी हे समजावून सांगत होतो तर मामांनी भिंतीकडे हात केला. खिळ्याला मृदंग. "हे पाय, पावसाळ्यात याचा सूर बी उतरते. गट्टे ठोकून चढवा लागते. चामडं हाय ना." दोन महिने मी ज्या घरात चहा पीत होतो त्या घरात हे उत्तर टांगलेलं होतं.

इथं निर्णय घ्यायचा होता. पट्टी पूर्ण सीलबंद करायची, की मोजायची पद्धत बदलायची. पोरांना पहिलं हवं होतं. एकाने घरचं जवसाचं तेल चोळलं, चामड्याला तेल चांगलं असते हे ऐकून. चामड्याला असेल, रबराच्या थराला नाही, दोन दिवसांत थर चिकट होऊन फुगला आणि बोटाबरोबर निघून आला. ती पट्टी गेली. मग काकांच्या सल्ल्याने थराला हात न लावता कडांना आणि गुळगुळीत बाजूला मेण घासलं आणि पितळी बटणं काढून निकेलची लावली. त्याने ओल आत शिरायला वेळ लागतो, थांबत नाही.

खरं काम कोडमध्ये झालं. अंश मोजायचा हट्ट सोडला. रेघ पक्की ठेवायची नाही, सरळ पायाचा आकडा दर वेळी नव्याने घ्यायचा आणि त्याच्या सात टक्के वर गेलं की व्यायाम सुरू, तीन टक्क्यांच्या खाली आलं की एक पूर्ण. अर्धवट पाय हलवला तर मोजायचं नाही, दोन सेकंदांच्या आत झालं तर तेही नाही. ओल्या पट्टीतही २४ वरून २७ म्हणजे साडेबारा टक्के होतात, तेवढं पुरते. आणि कोन? तो आठवड्यातून एकदा मामी मोजायच्या, शाळेच्या कंपासमधला कोनमापक आणि त्यावर स्क्रूने बसवलेल्या दोन फूटपट्ट्या, एक मांडीवर एक नडगीवर. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर कुठं धरायचं ते दाखवलं.

निकाल

ऑगस्टपासून मोजणी आणि मामींची वही जुळायला लागली, एक-दोनचा फरक. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मागे पूर्ण गावभर चालले म्हणून मोजणी फुगून दोनशेच्या वर गेली होती, त्याचं काही करता आलं नाही. सप्टेंबरअखेर गुडघा १०५ अंशांपर्यंत आला. पट्टीमुळे आला असं म्हणायला मॅडम तयार नाहीत आणि मीही नाही, माणूस व्यायाम करत होता आणि हाड जुळून सहा महिने झाले होते. मांडी अजून जमत नाही. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मृदंग समोरच्या स्टुलावर आडवा ठेवून वाजवतात, डावा हात नीट बसत नाही अशी तक्रार आहे.

तीन महिन्यांत चार पट्ट्या लागल्या. घामोळ्या एकदाही आल्या नाहीत.

परत करायचं झालं तर

आधी पेशंटकडे जाईन, मग विषय लिहीन. मॅडमना अंश नकोच होते, त्यांना हवं होतं केले की नाही आणि किती वेळात, हे त्यांना मेमध्ये विचारलं असतं तर कॅलिब्रेशनचे, म्हणजे आकड्याची अंशांशी सांगड घालण्याचे, तीन आठवडे वाचले असते. फक्त कोन हवा असता तर दोन एमपीयू लावून मोकळा झालो असतो, चामड्याच्या नादी लागलो नसतो.

मेमध्येच मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून पट्टीवर ठेवलं असतं तर एका संध्याकाळी सगळं कळलं असतं. आम्ही शंभर वेळा ताणून पाहिलं, एकदाही ओलं करून नाही पाहिलं. विदर्भात मेमध्ये तपासलेली कोणतीही वस्तू जुलैसाठी तपासलेली नसते हे मला कूलरवरूनसुद्धा कळायला हवं होतं.

क्रोम की साल, यावर मी अजून अडकलो आहे. क्रोमचं ओलाव्याला जास्त बरं टिकलं असतं, कातडीकडून सुती पट्टा मध्ये होताच, मग खाजेची भीती कितपत खरी होती? पण मामांच्या पायावर ते तपासायची माझी हिंमत नाही झाली, आणि आज विचारलं तरी सालीचंच घेईन. आणि चपला शिवणारे काका पहिल्या दिवशी हवे होते, शेवटी नाही. प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, प्राचार्य आणि विभागप्रमुखांच्या नंतर, ते मी आता पुढच्या बॅचच्या कॉपीत वर घेतलंय.

चौथी पट्टी मामांनी परत दिली नाही, मृदंगाच्या खिळ्यालाच टांगून ठेवली आहे. डिसेंबरमध्ये भाची गेली तेव्हा सहज मीटर लावून पाहिला, थंडीची कोरडी हवा, ४१ किलोओहम.